नागपूरच्या हवेत राठ, पिंजारलेले केस कसे सांभाळायचे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात एकाच डोक्यावरचे केस वर्षातून तीनदा स्वभाव बदलतात. मे महिन्यात ते गवतासारखे कोरडे होतात, जुलै लागला की फुगतात आणि डिसेंबरात फणी लावली की उभे राहतात. आपण मात्र बारा महिने तेच तेल, तोच शाम्पू, तीच फणी वापरतो. बहुतेक प्रश्नांचं मूळ तिथेच आहे.

केस फ्रिझी होतात म्हणजे नेमकं काय होतं?

केसाच्या बाहेरच्या बाजूला कौलांसारखे सूक्ष्म खवले एकावर एक बसलेले असतात. ते चपटे बसले असतील तर केस चमकतो आणि शेजारच्या केसाला अडकत नाही. रंग, इस्त्री, कडक पाणी, खसखसून पुसणं यांनी खवले उचलले जातात किंवा झडतात, आणि मग हवेतला ओलावा आत शिरायला वाट मिळते.

आतल्या प्रथिनांना धरून ठेवणारे काही बंध पाण्यानं सुटतात आणि वाळताना नव्या जागी जुळतात. इस्त्री करून सरळ केलेले केस ऑगस्टमध्ये घराबाहेर पडताच पुन्हा फुगतात ते याचमुळे. प्रत्येक केस सारखाच ओलावा घेत नाही. एक जास्त फुगतो, शेजारचा कमी. प्रत्येकाचं तोंड वेगळ्या दिशेला होतं आणि डोक्याभोवती तो धुरकट कापूस दिसू लागतो.

माझे केस सरळ नाहीत, कुरळेही नाहीत, नुसते फुगतात. याला काय म्हणायचं?

बहुतेक वेळा हे लहरदार केस असतात आणि कोरडे विंचरल्यामुळे त्यांची लहर मोडलेली असते. एकदा तपासून बघा. केस धुवा, कंडिशनर लावा, ओले असतानाच मोठ्या दातांच्या कंगव्यानं गुंता काढा आणि मग पूर्ण वाळेपर्यंत हात, फणी, टॉवेल काहीही लावू नका. वाळल्यावर बटा ‘एस’ अक्षरासारख्या वळलेल्या दिसल्या तर केस लहरदार किंवा कुरळे आहेत. त्यांना सरळ करायचा हट्ट सोडून बटा एकत्र राहतील एवढंच बघायचं. बटा दिसल्या नाहीत, नुसते राठ तंतू दिसले, तर केसांची झीज झालेली आहे. अशा वेळी आधी टोकं कापा, इस्त्री बंद करा आणि मग पुढचं ठरवा.

हा फरक कळल्याशिवाय महागडं सीरम आणू नये. कुरळ्या केसांना कोरडी फणी लागत राहिली तर कुठलंच सीरम टिकत नाही.

केस धुवायच्या दिवशी काय क्रमानं करायचं?

आठवड्यातून दोनदा धुणं बहुतेकांना पुरतं. रोज दुचाकीवर धूळ-घाम असेल तर तीनदा. खांद्यापर्यंतच्या केसांसाठी ही मापं आहेत, कमरेपर्यंत असतील तर कंडिशनर दुप्पट घ्या.

1. धुण्याआधी कोरड्या केसांतला गुंता बोटांनी सोडवा. ओल्या केसाला ताण सोसत नाही, तो रबरासारखा लांबतो आणि तुटतो.

2. दोन चहाचे चमचे, म्हणजे साधारण 10 मिली शाम्पू अर्ध्या मग पाण्यात कालवा आणि फक्त टाळूवर ओता. बोटांच्या पेरांनी चोळा, नखांनी नाही. केसांच्या लांबीवर शाम्पू वेगळा घासू नका, वरून ओघळणारा फेस तिथे पुरेसा असतो. सगळे केस डोक्यावर गोळा करून कपडे धुतल्यासारखे चोळले की तिथेच निम्मा गुंता होतो.

3. पाणी निथळू द्या. केसांतून पाणी टपकत असताना लावलेलं कंडिशनर पाण्याबरोबर खाली जातं. केस मुठीत हलके दाबा आणि मग एक मोठा चमचा, साधारण 15 मिली कंडिशनर कानाच्या खाली, टोकांकडे जास्त असं लावा. टाळूला नको.

4. कंडिशनर असतानाच मोठ्या दातांचा कंगवा घ्या. आधी शेवटची चार बोटं लांबी विंचरा, मग त्याच्या वरची, मग मुळापासून. वरून खाली ओढलं तर सगळ्या गाठी टोकाला जाऊन एक घट्ट गोळा होतो.

5. दोन-तीन मिनिटं थांबून धुवा. धुतल्यावर केस किंचित निसरडे लागले पाहिजेत. ‘चुक-चुक’ आवाज येईपर्यंत धुतलं असेल तर कंडिशनर सगळं गेलं.

6. जुना सुती टी-शर्ट किंवा मऊ झालेला पंचा घ्या आणि केस खालून वर दाबत पाणी टिपा. टर्किश टॉवेलचे फुंदे खवल्यांत अडकतात. डोक्याला टॉवेलचा फेटा पिळून बांधायची सवय तर आजच सोडावी, कपाळावरचे बारीक केस त्यानेच तुटतात.

7. केस अजून ओलेच असताना शेंगदाण्याएवढं लीव्ह-इन, म्हणजे लावून न धुता ठेवायचं, क्रीम किंवा कंडिशनर दोन्ही तळव्यांवर पसरून टोकांना लावा. त्यावर हवं तर जेल. मग वाळेपर्यंत हात लावायचा नाही. जेलचा कडक पापुद्रा झाला तर पूर्ण वाळल्यावर तळहातात केस चुरगळा, पापुद्रा मोडतो आणि बट मऊ राहते.

सातव्या पायरीला सगळ्यात जास्त चूक होते. केस निम्मे वाळल्यावर क्रीम लावलं जातं, तोवर फ्रिझ बसलेली असते. क्रीम मग फक्त वरून चिकटतं.

उन्हाळ्यात नळाचं पाणीच उकळतं येतं, काय करावं?

गच्चीवरच्या टाकीतलं पाणी मे महिन्यात सकाळी दहानंतर हात भाजेल इतकं तापतं. गरम पाण्यानं टाळूचं तेल निघून जातं आणि केस खडखडीत होतात. रात्रीच बादली भरून न्हाणीघरात ठेवा किंवा सकाळी सात-आठच्या आत केस धुवा. हिवाळ्यात उलट: गिझरचं पाणी कोमटाच्या वर नको.

आमच्या लेआउटला बोअरचं पाणी आहे. केस त्यानेच खराब होतात का?

पूर्ण दोष त्याचा नाही, पण वाटा मोठा आहे. नळाला येणारं पेंच आणि कन्हानचं पाणी नदी-धरणाचं असतं, बोअरचं पाणी खडकातून क्षार घेऊन येतं. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम केसावर बसतं. केस धुतल्यावरही मळकट, जड आणि राठ लागतो, कंडिशनर आत मुरत नाही. बादलीच्या कडेला पांढरी खरड बसत असेल आणि साबणाला फेस येत नसेल तर पाणी कडक आहे असं समजा.

अंगाचा साबण केसांना लावू नका. कडक पाण्यात त्याचा न विरघळणारा साका होतो आणि तोच केसांवर चिकटतो. पंधरा दिवसांतून एकदा क्लॅरिफाइंग, म्हणजे केसांवर साचलेला थर काढणारा, शाम्पू वापरा, त्यानंतर कंडिशनर दोन मिनिटं जास्त ठेवा. किंवा महिन्यातून दोनदा शेवटच्या पाण्यात, म्हणजे एक लिटर पाण्यात, एक मोठा चमचा पांढरं व्हिनेगर घालून केसांवरून ओता, अर्ध्या मिनिटानं साध्या पाण्यानं धुवा. टाळूला जखम, ओरखडा असेल तर नको, झोंबतं. शक्य असेल तर शेवटचे दोन मग पिण्याच्या आरओच्या पाण्याचे घ्या.

दोन गैरसमज इथेच मिटवू. तुरटीनं गाळ खाली बसतो, पाण्याचा कडकपणा जात नाही. आणि आरओच्या दुसऱ्या नळीतून वाया जाणारं पाणी केसांना चांगलं नाही, मूळ पाण्यातले क्षार त्यात आणखी दाट झालेले असतात. ते फरशी पुसायला ठेवा.

धुवायचे नाहीत त्या दिवशी काय करायचं?

सकाळी कोरडी फणी फिरवू नका, हा रोजच्या दिनक्रमाचा अर्धा भाग. स्प्रेच्या बाटलीत 100 मिली पाणी आणि एक चहाचा चमचा कंडिशनर हलवून घ्या. जिथे केस विस्कटले आहेत तिथेच दोन-तीन फवारे मारा, बटा बोटाभोवती गुंडाळून सोडा. हे मिश्रण दर दोन दिवसांनी नवं करा, पातळ केल्यावर कंडिशनरमधलं टिकवणारं द्रव्य पुरेसं राहत नाही आणि वास येऊ लागतो.

रात्री सैल वेणी किंवा डोक्याच्या वरच्या बाजूला सैल अंबाडा, साटीनची उशीची खोळ. साटीन नसेल तर जुन्या रेशमी साडीचा तुकडा उशीवर अंथरला तरी चालतो. बारीक रबर बँड मात्र अजिबात नको, काढताना चार केस घेऊनच निघतो.

जवसाचं जेल खरंच काम करतं का? कसं करायचं?

करतं, आणि विदर्भात त्याला वेगळं काही आणावं लागत नाही. चटणीचे जवस घरात असतातच. फक्त भाजलेले घेऊ नका. कच्च्या दाण्याच्या सालीतला चिकट पदार्थ पाण्यात उतरतो, भाजलेल्या दाण्यातून तो नीट सुटत नाही.

दोन मोठे चमचे जवस, दोन कप पाणी. मध्यम आचेवर ठेवा आणि ढवळत राहा, नाहीतर दाणे तळाला बसतात. सहा-सात मिनिटांनी वर पांढरा फेस येतो. त्यानंतर चमचा उचलून बघा. थेंब तुटून पडत असतील तर अजून वेळ आहे. अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार लोंबू लागली की लगेच गॅस बंद करा. दोन मिनिटं जास्त झाली तर लापशी होते आणि गाळता येत नाही. झालंच तसं तर अर्धा कप गरम पाणी घालून पुन्हा एक उकळी आणा. गरम असतानाच जुन्या पातळ ओढणीतून किंवा धुतलेल्या नायलॉनच्या मोज्यातून गाळा, थंड झाल्यावर ते कापड सोडत नाही. चहाच्या गाळणीनं कोंडा खाली येतो आणि केसांत अडकतो.

फ्रिजमध्ये सात दिवस टिकतं. जास्त केलं असेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा, एक-दोन खडे एका वेळेला पुरतात. ओल्या केसांना लावा. केसांवर पांढरे कण दिसले तर जेल जास्त झालं आहे किंवा खालच्या क्रीमशी जमत नाही. क्रीम तळव्यावर आधी त्याच्यासोबत चोळून बघा. तळव्यावर फाटलं तर केसांवरही फाटेल.

तेल लावायचं की नाही?

लावायचं, पण धुण्याआधी. खोबरेल तेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं, खनिज तेल वरच राहतं. दोन चहाचे चमचे, मुख्यतः लांबीवर, धुण्याच्या अर्धा तास ते दोन तास आधी. डिसेंबरात बाटलीत तेल गोठतं, बाटली कोमट पाण्यात ठेवा, गॅसवर तापवू नका.

धुतल्यानंतर भरपूर तेल चोपडून घराबाहेर पडलात तर शहरातली धूळ त्यावर बसते. तेवढ्यापुरते दोन थेंब तळव्यावर चोळून टोकांना लावा, बस्स. कोंडा असेल तर टाळूवर रात्रभर तेल ठेवू नका, कोंड्याला कारण असलेली बुरशी तेलावरच पोसते. काहींचे केस खोबरेलनं ताठ होतात. तसं असेल तर तिळाचं किंवा बदामाचं वापरून बघा.

गाडीवर दुपट्टा बांधल्यावर केस जास्त विस्कटतात. मग बांधायचा नाही?

बांधायचाच. मे महिन्याच्या उन्हात, पारा पंचेचाळीसला असताना आणि गरम झळा लागत असताना उघड्या केसांनी गाडी चालवणं डोक्याला आणि केसांना दोन्हीला वाईट. दोष कोरड्या सुती कापडाच्या घासण्याचा आहे. केसांची मानेजवळ सैल वेणी घाला, टोकांना एक-दोन थेंब तेल, त्यावर साटीनचा पातळ रुमाल आणि मग दुपट्टा, वर हेल्मेट. साटीनच्या रुमालाला जेमतेम अर्धा मीटर कापड लागतं. दुपट्टा दर दोन दिवसांनी धुवा, घाम वाळून त्यावर मीठ राहतं आणि ते कपाळाजवळच्या केसांना खातं.

ओल्या केसांवर हेल्मेट घालू नका. आत वाफ धरते, टाळूला वास येतो, खाज सुटते. केस धुऊन किमान दीड तास तरी पंख्याखाली जाऊ द्या.

कूलरसमोर झोपल्यावर सकाळी केस पिंजारलेले का असतात?

कूलर खोलीतली हवा दमट करतो आणि तीच हवा रात्रभर जोरात केसांवर मारतो. ओले केस मोकळे सोडून त्या झोतात झोपलं की प्रत्येक केस वेगवेगळा वाळतो. खाट झोतापासून जरा बाजूला घ्या, केस पूर्ण वाळवून सैल वेणी घालूनच झोपा. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत, दिवसभर कूलरच्या खोलीतून बाहेरच्या कोरड्या हवेत ये-जा असेल तर तीन-चार तासांनी टोकांना तेलाचा एक थेंब पुरतो.

पावसाळ्यात सगळंच फिसकटतं. तेव्हा काय बदलायचं?

बाटलीवरची यादी वाचा. ग्लिसरीन पहिल्या चार-पाच नावांत असेल तर ते क्रीम जुलै-ऑगस्टपुरतं बाजूला ठेवा. ग्लिसरीन हवेतला ओलावा ओढून केसात आणतं, आणि तेव्हा हवेत ओलावा गरजेपेक्षा जास्तच असतो. मेच्या कोरड्या हवेतही नुसतं ग्लिसरीन लावून भागत नाही, ओढायला हवेत पाणीच नसतं. त्यावर तेल किंवा क्रीमचा थर हवा.

पावसाळ्यात डायमेथिकोन (एक प्रकारचं सिलिकोन) असलेलं सीरम कामाचं आहे. ते केसाभोवती पातळ आवरण धरतं. दोन-तीन थेंब, त्याहून जास्त नाही, आणि तेही केस ओले असतानाच. सिलिकोनची उगाच भीती बाळगली जाते, नियमित शाम्पू केला तर ते साचत नाही. पावसात भिजलात तर घरी आल्यावर साध्या पाण्यानं धुऊन थोडं कंडिशनर लावा. भिजलेले केस तसेच बांधून ठेवणं सगळ्यात वाईट.

हिवाळ्यात फणी लावली की केस उभे राहतात.

ती स्थिर वीज. प्लास्टिकची फणी बाजूला ठेवून लाकडी वापरा, तिला तेलाचं एक बोट पुसा. लोकरी टोपीखाली साटीनचा रुमाल घाला.

शिकेकाई-रिठा शाम्पूपेक्षा बरं ना?

काढा करून, गाळून वापरला तर चांगलं. बियांशिवाय पाच रिठे, दोन मोठे चमचे शिकेकाईचे तुकडे, चार आवळकाठ्या अर्धा लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी दहा मिनिटं उकळा, कुस्करून कापडातून गाळा. त्याच दिवशी वापरा. इतवारी बाजारात हे सगळं सुटं मिळतं. बारीक दळलेली पूड थेट केसांना चोळू नका, तिचे कण खवल्यांत अडकतात आणि दोन दिवस केसांतून धूळ झडते. नैसर्गिक असलं तरी रिठा केस कोरडे करतो. त्यानंतर कंडिशनर लागेलच.

अंडं, लिंबू, खायचा सोडा, संत्र्याची साल?

अंड्यातलं प्रथिन केसात शिरण्याएवढं लहान नसतं. धुताना पाणी गरम असेल तर अंडं केसांतच शिजतं आणि त्याचे तुकडे वेचावे लागतात. लिंबाचा रस टाळू-कपाळावर राहून ऊन लागलं तर कातडी काळवंडते, भाजल्यासारखे फोडही येतात. खायच्या सोड्यानं खवले उघडतात, तो केसांना लावूच नका. संत्र्याच्या सालीची पूड चेहऱ्याला लावत असाल तर लावा. केसांत ती नुसती अडकते. दही मऊपणा देतं, पण तेच काम एक चमचा कंडिशनर वासाशिवाय करतं.

पार्लरमध्ये केराटिन (केस सरळ, मऊ करायची प्रक्रिया) करून घ्यावं का?

बघून, विचारून. अशा काही द्रावणांत फॉर्माल्डिहाइड असतं किंवा तापवल्यावर सुटतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2004 मध्ये ते मानवाला कर्करोगकारक ठरवलं. ‘फॉर्माल्डिहाइड-मुक्त’ लिहिलेल्या बाटल्यांत अनेकदा ग्लायऑक्झिलिक ॲसिड असतं. त्याच्या वापरानंतर मूत्रपिंडाला तीव्र इजा झाल्याची रुग्णांची नोंद वैद्यकीय नियतकालिकांत आहे. बाटली हातात घेऊन घटक वाचा, दाखवायला नकार मिळाला तर उठून या. डोळे झोंबले, घसा खवखवला तर तिथेच थांबवा. गरोदर असाल, स्तनपान देत असाल किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर करूच नका.

घरच्या इस्त्रीला 180 अंशांच्या वर जाऊ देऊ नका आणि किंचित ओल्या केसाला ती लावू नका. ‘चर्र’ असा आवाज आला म्हणजे केसाच्या आतल्या पाण्याची वाफ होते आहे, त्या जागी केस तुटतो.

मुलीचे केस कुरळे आहेत आणि शाळेत दोन वेण्या लागतात. रोज सकाळी रडारड होते.

गुंता रात्री काढा, सकाळी नाही. रात्री तळव्यावर चमचाभर तेल, केसांचे चार भाग, एकेक भाग मुळाशी मुठीत घट्ट धरून टोकापासून विंचरा. मूठ धरल्यानं ओढ टाळूपर्यंत जात नाही आणि पोरीला दुखत नाही. सैल वेणी घालून झोपवा. सकाळी फक्त भांग पाडा, वरून दोन फवारे, आणि बोटांनीच वेणी घाला. कपाळापासून केस ताणून घट्ट वेणी रोज घातली तर पुढचे केस विरळ होतात, म्हणून रिबीन घट्ट बांधा, मुळं नको.

फरक किती दिवसांत दिसतो, आणि डॉक्टरांकडे केव्हा जायचं?

धुण्या-पुसण्याची पद्धत बदलली की दोन-तीन वेळा धुण्यातच फरक दिसतो. झिजलेला भाग मात्र दुरुस्त होत नाही. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे दर दोन-तीन महिन्यांनी दुतोंडी टोकं कापत गेलं की खराब लांबी हळूहळू निघून जाते.

पूर्वी मऊ असलेले केस काही महिन्यांत अचानक राठ झाले, सोबत थकवा, वजनात बदल, थंडी सोसेनाशी होणं किंवा पाळीत गडबड असेल तर थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि फेरिटिनच्या (शरीरातल्या लोहाच्या साठ्याच्या) तपासणीसाठी डॉक्टरांना भेटा. रोज 50 ते 100 केस गळणं नेहमीचं आहे. त्याहून बरेच जास्त गळत असतील, टाळूवर गोल चट्टे किंवा जाड खपल्या असतील, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. जाण्याआधी चार दिवस टाळूला तेल लावू नका, चट्टे स्पष्ट दिसले पाहिजेत.